इंदूरच्या कोरड्या हवेत इग्वानासाठी दमट एन्क्लोजर: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा इंदूरची हवा अशी असते की गच्चीवर टाकलेला टॉवेल बघता बघता वाळून कडक होतो. हिरवा इग्वाना म्हणजे मोठा सरडा, आणि त्याचं मूळ घर मात्र मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली नदीकाठची झाडं. ६० ते ८० टक्के आर्द्रता ही त्याची रोजची गरज. हा फरक भरून काढणारं एन्क्लोजर, म्हणजे बंदिस्त घर, मी आमच्या हिरू या मादी इग्वानासाठी गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर रामबागेतल्या घरी बांधून घेतलं. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिने त्यात काढले, म्हणून आता खात्रीने लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. आर्द्रता कमी पडली की लोक फवारे वाढवतात, पण ती टिकवून धरायचं खरं काम भिंती करतात. खोलीत २० अंशांना ६० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा दिव्याखाली ३२ अंशांपर्यंत तापली, तर आकडा ३० टक्क्यांच्या आसपास येतो. हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण गरम हवा जास्त पाणी सामावू शकते, म्हणून ती कोरडी ठरते. वर जाळीचं झाकण असलं की ही हवा सरळ वर निघून जाते आणि खालून खोलीतली कोरडी हवा आत ओढली जाते. मग दिवसभर फवारत बसा, तासाभरात पुन्हा जैसे थे. चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा कोकणात चालेल, माळव्यात त्याच्या वाटेला जाऊ नये.

आमचं एन्क्लोजर म्हणजे एक कपाटच आहे, ६ फूट उंच, ५ फूट रुंद आणि अडीच फूट खोल. इग्वाना झाडावर राहणारा प्राणी आहे आणि शेपटीसकट पाच फुटांपर्यंत सहज वाढतो, त्यामुळे उंचीत काटकसर करू नका. मिस्त्रींनी आधी सुचवलं, "ताई, साध्या प्लायला सनमायका मारून देतो, निम्म्यात होईल." मी मरीन प्लायवरच अडून बसले. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्यावा. सनमायका कितीही चांगला असला तरी कडेने आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि साधा प्लाय फुगतो. आतून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) थर दिले, सगळे सांधे ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने बंद केले आणि त्याचा सिरक्यासारखा वास पूर्ण जाईपर्यंत कपाट उघडं ठेवलं. एवढा पावसाळा होऊन गेला, एकही फळी फुगलेली नाही. समोर सरकत्या टफन काचा आहेत. काच, लाकूड, मजुरी मिळून २५ हजारांच्या आसपास खर्च आला. हार्डवेअर बहुतेक सियागंजातून आणलं.

हवेच्या वाटांवर मी सगळ्यात जास्त विचार केला होता आणि त्याचं फळ रोज मिळतंय. डावीकडे खाली एक लांबट झरोका, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दुसरा, दोन्हींना स्टीलची जाळी आणि सरकती पट्टी. गरम हवा वरून बाहेर पडते, ताजी खालून येते, आणि किती यायची ते पट्टीने ठरवता येतं. एप्रिल-मेमध्ये पट्टी दोन बोटं उघडी, जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण उघडी. हा झरोका नसेल तर दमट घर कोंदट होतं, आणि कोंदट ओलीत इग्वानाच्या कातडीला बुरशी धरते, छातीत संसर्ग होतो. इतकी ओल कोरडेपणापेक्षाही वाईट.

फवाऱ्यासाठी तयार परदेशी मशीन महाग पडतं. पाण्याच्या आरओ मशीनमध्ये बसवतात तसला बूस्टर पंप, पाव इंची पाइप, बारीक नोझल आणि टायमर एवढ्यात काम भागतं. आरओ दुरुस्त करणारा मुलगा अर्ध्या दुपारीत सगळं जोडून गेला. सकाळी दिवे लागल्यावर एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी दिवे बंद व्हायच्या बऱ्याच आधी एकदा, प्रत्येक वेळी मिनिटभर. फवाऱ्यानंतर आर्द्रता ८० पर्यंत चढते, पुढच्या फवाऱ्याआधी ६० वर उतरते. हा चढउतार हवाच, पानं मधूनमधून सुकली पाहिजेत. हिरू पानांवरचे थेंब चाटून पिते, तेवढ्यासाठीसुद्धा फवारा हवा.

पाणी कुठलं वापरता यावर नोझलचं आयुष्य ठरतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी बरं, बोअरिंगचं जड पाणी घातलं तर क्षाराने नोझल बुजतात आणि काचेवर पांढरे डाग पडतात. मी आरओचं पाणी घालते, नोझल महिन्यातून एकदा सिरक्यात भिजवते आणि टाकी दर रविवारी घासते. फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, मुद्दामच घेतला नाही. त्याची वाफ दिसायला छान, पण तो टाकीत जे असेल ते सगळं, क्षार आणि जंतूसुद्धा, बारीक करून हवेत सोडतो.

फवाऱ्याइतकाच हातभार दोन गोष्टी लावतात. एक म्हणजे तळाशी ठेवलेलं रुंद टब. हिरू त्यात बसते आणि शीही त्यातच करते, त्यामुळे पाणी रोज बदलावं लागतं, टब साबणाने घासावं लागतं आणि नंतर हातही नीट धुवावे लागतात. इग्वाना ठणठणीत असला तरी त्याच्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो, म्हणून घरात लहान मूल असेल तर याबाबत अजिबात ढिलाई नको. दुसरी गोष्ट कुंड्या. जास्वंदीच्या कुंड्या गच्चीवर वाढवते आणि आळीपाळीने आत ठेवते, कारण आतली कुंडी ती फस्त करतेच. डायफेनबेकिया आणि कण्हेर विषारी, त्या आसपासही नकोत.

आर्द्रता मोजायला दोन डिजिटल हायग्रोमीटर, एक वर आणि एक खाली. घेतल्यावर ते तपासून घ्या: डबीच्या झाकणात मीठ घेऊन ओल्या चिखलासारखं भिजवा, मीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी आकडा ७५ च्या जवळ दिसला पाहिजे. माझा एक मीटर बराच खोटं बोलत होता, तो लगेच परत केला.

उष्णतेचं गणित असं बसलंय: बसायच्या वरच्या फांदीवर ३५-३६ अंश, बाकी घरात २६ ते ३०, रात्री २३ च्या खाली नाही. जानेवारीत इंदूरची रात्र १० अंशांवर येते, तेव्हा प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर चालतो. हीटर आणि दिवा दोघांभोवती तारेचं कुंपण अत्यावश्यक, कारण इग्वाना त्यांना बिलगतो आणि भाजेपर्यंत हलत नाही. तापणारे दगड याच कारणासाठी घेऊ नयेत. थंडीत १०० वॉटचा दिवा १० तास, ५४ वॉटची यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) ट्यूब १२ तास आणि हीटर रात्रभर थांबून थांबून, असं धरून दिवसाला साधारण ३ युनिट वीज जाते. पाणी आणि वीज एकाच कपाटात आहेत, म्हणून सगळे सॉकेट बाहेर आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवली आहे. यावर पैसे वाचवू नका.

यूव्हीबी ट्यूब काचेच्या बाहेर ठेवून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. ती आतच, फांदीपासून फूट-दीड फुटावर, आणि उजेड देत असली तरी वर्षाने बदलायची. किरण नसतील तर ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. खाण्यात शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंद, लाल भोपळा. पालक टाळते, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. खोलीच तापलेली असते, त्यामुळे थर्मोस्टॅट दिवा बंद ठेवतो. तेव्हा खोलीत वाळ्याचा कूलर लावला, तोंड कपाटाकडे न करता. खोली थंड झाली आणि आर्द्रताही वाढली. एसीने गारवा मिळतो, पण हवा आणखी कोरडी होते. एन्क्लोजर पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, इंदूरच्या दुपारच्या उन्हाने ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते.

फरक तिच्या अंगावर दिसतो. आमच्याकडे आली तेव्हा बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुन्या कातेची कडी अडकलेली होती. अशी कडी आवळत गेली की रक्त थांबतं आणि ते टोक गळून पडतं. आता कात मोठ्या तुकड्यांत, बोटांसकट सुटते. लघवीतला पांढरा भाग मऊ असतो, पूर्वीसारखा पिवळट खरखरीत नाही. सततच्या कोरडेपणाने इग्वानाची किडनी जाते आणि ते फार उशिरा कळतं, म्हणून हे रोज बघते.

नवीन घेणाऱ्यांनी कागद आधी बघावेत. हिरवा इग्वाना साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची वन्यजीव कायद्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टरही प्राणी घरी यायच्या आधी शोधून ठेवा.

एक काम बाकी आहे. मादी इग्वाना नराशिवायही अंडी घालते, आणि उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून जीव जाऊ शकतो. हिरू वयात येतेय, म्हणून या थंडीच्या आधी खालच्या बाजूला ओलसर माती-वाळूची खोल पेटी जोडून घेणार आहे. मिस्त्रींना माप देऊन ठेवलंय.