वाकडीतिकडी २० मीटर वायर: एंड-फेड अँटेनाचा आठ महिन्यांचा अनुभव

हॅम रेडिओसाठी (हौशी वायरलेस संपर्कासाठी) अँटेना लावायला घेतली तेव्हा मला फक्त उंचीची काळजी होती. आज कुणी सल्ला विचारला तर मी आधी विचारेन, वायर घरापासून किती लांब नेता येईल?

माझा प्लॉट अरुंद आहे आणि त्यातली बरीचशी जागा घरानेच घेतलेली. पुढून विजेच्या तारा जातात, त्यामुळे ती बाजू बादच. वायर तुटून पडली तरी त्या तारांपर्यंत पोहोचता कामा नये, यात तडजोड नाही. मागे अंदाजे १३ मीटर खोल आणि ९ मीटर रुंद अंगण, त्याच्या एका कोपऱ्यात एकच झाड. ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, डायपोल (मधोमध केबल जोडलेली वायर) सरळ लावायचा तर २० मीटर मोकळी जागा लागते आणि मधोमध केबलचं वजन पेलणारा आधार. इथे दोन्ही नाही. व्हर्टिकलला, म्हणजे उभ्या अँटेनाला, रेडियल (बुडाशी जोडलेल्या तारा) पसरायला जमीन हवी. मॅग्नेटिक लूप (छोट्या गोल कड्याची अँटेना) लहान जागेत मावते खरी, पण १०० वॉटला तिच्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट चढतात आणि जरा फ्रिक्वेन्सी हलवली की पुन्हा ट्यून करत बसावं लागतं. म्हणून ४९:१ ट्रान्सफॉर्मरची तयार एंड-फेड हाफ वेव्ह घेतली, म्हणजे अर्ध्या वेव्हलेंथची, एका टोकाला केबल जोडलेली वायर. एका टोकाला ट्रान्सफॉर्मरची डबी, पुढे साधारण २० मीटर वायर, आणि ४०, २०, १५, १० असे चार बँड.

पहिले दोन महिने डबी खिडकीबाहेर होती आणि वायर छताच्या कडेने झाडाकडे. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.४, म्हणजे कागदावर सगळं छान. पण ४० मीटर बँडवर नॉइज एस-८ (रेडिओच्या सिग्नल मीटरवरचा आकडा). समोरच्याला माझा सिग्नल ५-९, म्हणजे स्वच्छ आणि जोरदार, मिळायचा आणि मला त्याचा कॉलसाइन (स्टेशनचं नाव) तीनदा विचारावा लागायचा. घरातले चार्जर, एलईडी दिवे, राउटरचे अडॅप्टर सगळे स्विचिंग सप्लायवर चालतात. त्यांचा कचरा घराच्या वायरिंगवर पसरतो आणि मी अँटेना त्याच वायरिंगला चिकटवून ठेवली होती.

मग सगळं उतरवलं. झाडासमोरच्या मागच्या कोपऱ्यात फायबरग्लासचा मास्ट उभा केला आणि डबी त्यावर २.२ मीटरवर बांधली. तिथून वायर वर साडेआठ मीटरपर्यंत, मागच्या भिंतीला समांतर ९ मीटर झाडाकडे आणि उरलेली साडेचार मीटर झाडाच्या अलीकडे खाली लोंबती. टोक हाताला लागणार नाही इतकं उंच ठेवलं, कारण १०० वॉटला एंड-फेडच्या टोकाला ५०० व्होल्टच्या आसपास येतात. डबीला २ मीटरची काउंटरपॉइज वायर (करंटला परतीची वाट देणारी छोटी तार) जोडली आणि केबल घरात शिरते तिथे ३१ मिक्स प्रकारच्या फेराइट रिंगवर केबलचे १२ वेढे देऊन चोक बसवला. हा चोक नसेल तर केबलची बाहेरची जाळीच अँटेनासारखी वागते आणि घरातला नॉइज उचलून आणते.

नॉइज एस-४ वर आला. चार एस युनिट म्हणजे २४ डेसिबल. पॉवर कितीही वाढवली असती तरी ऐकण्यात हा फरक पडला नसता. नंतर बॅटरीवरचा छोटा रेडिओ घेऊन एकेक एमसीबी पाडत गेलो, तेव्हा जिन्यातल्या एका दिव्याचा ड्रायव्हर सापडला. तो बदलल्यावर १५ मीटरवरची घरघरही गेली.

वायर दोनदा वळवल्याने अँटेना मेली, असं झालं नाही. सुरुवातीला रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला अँटेना नीट जुळते ती) ६.८२ मेगाहर्ट्झला होता, कारण प्लास्टिकचं आवरण असलेली वायर विजेच्या हिशेबाने थोडी लांब ठरते आणि भिंतही जवळ आहे. वायर कापली नाही. टोकाची पाऊण मीटर मागे दुमडून स्वतःवरच पिळली आणि रेझोनन्स ७.०८ वर आणला. कापलेली वायर परत जोडत बसण्यापेक्षा हे फार सोपं.

कामगिरीबद्दल स्पष्ट सांगतो. ४० मीटरवर दिवसा ४००-५०० किलोमीटरपर्यंत अगदी आरामात बोलणं होतं, कारण इतक्या कमी उंचीवर बराच सिग्नल सरळ वर जाऊन परत खाली येतो. त्याच कारणाने ४० वरचं डीएक्स, म्हणजे दूरच्या देशांशी बोलणं, कष्टाचं आहे. २० मीटर समाधानकारक, आणि १० मीटर बँड उघडा असला, म्हणजे त्यावर लांबचे सिग्नल पोहोचत असले, की १० वॉटने एफटी८ वर (कॉम्प्युटरने चालणारी डिजिटल पद्धत) दुसऱ्या खंडातली उत्तरं येतात. ८० मीटर बँड यावर होत नाही. ट्यूनर एसडब्ल्यूआर खाली आणून दाखवतो, सिग्नल मात्र जात नाही.

पाचव्या महिन्यात एसडब्ल्यूआर सगळ्याच बँडवर अचानक सुधारला. १० मीटरवर २.१ चा १.३ झाला आणि त्याच आठवड्यात समोरच्यांकडून मिळणारे सिग्नलचे रिपोर्ट घसरले. डबीखालचा प्लग उघडला तर केबलची जाळी हिरवी पडलेली, आत पाणी. ओल्या केबलमध्ये पॉवर वाटेतच विरते, परत येणारीही विरते, म्हणून मीटर खूश दिसतो. केबलचा दोन मीटरचा तुकडा कापून टाकला, नवीन प्लग बसवला, त्यावर आपोआप चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळली आणि डबीत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

डबीतला फेराइट लहान आहे. ८० वॉटने सलग अर्धा तास एफटी८ केल्यावर एसडब्ल्यूआर १.४ वरून १.९ कडे सरकू लागला, डबी हाताला गरम. आता डिजिटलला ३० वॉटच्या वर जात नाही, एसएसबीला, म्हणजे आवाजाने बोलायला, १०० चालतात.

झाडाच्या बाजूला दोरी फांदीला बांधलेली नाही. ती पुलीवरून खाली येते आणि तिला वाळू भरलेला चार किलोचा डबा टांगला आहे. वाऱ्यात झाड झुललं की डबा वरखाली होतो आणि वायरवर ताण येत नाही. गेल्या आठवड्यात पाहिलं तर पुलीजवळ दोरीचा पीळ उसवायला लागलाय. डबा थोडा आणखी खाली घेऊन दोरीचा तेवढा भाग बदलतो आहे.