कोरोना, ट्रायबो की लिक्विड? इलेक्ट्रोस्टॅटिक गन घेण्याआधी सुरक्षेच्या बाजूने तुलना

धातूच्या वस्तूंवर पावडर किंवा पेंटचा थर देणारा नवा कोटिंग बूथ टाकताना किंवा जुनी गन बदलताना आधी चर्चा होते किमतीची आणि मग फिनिशची. सुरक्षेचा विषय बहुतेक वेळा बिल झाल्यावर, गन भिंतीला टांगल्यावर निघतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण तिन्ही पद्धती रोज वेगवेगळी शिस्त मागतात. ती शिस्त आपल्या शेडमध्ये, आपल्या माणसांकडून, पावसाळ्यातही पाळली जाईल का, हे आधी पाहावे आणि मगच गन निवडावी.

पर्याय तीन. कोरोना गनमध्ये टोकाच्या सुईवर ६० ते १०० किलोव्होल्ट विद्युत दाब असतो. हवेत आयन तयार होतात, काही पावडरच्या कणांवर बसतात आणि कण अर्थ केलेल्या जॉबकडे (ज्याला थर द्यायचा त्या वस्तूकडे) खेचले जातात. ट्रायबो गनमध्ये उच्च दाब नसतोच. पावडर टेफ्लॉनच्या नळीतून वेगाने घासत जाते आणि घर्षणाने तिच्यावर धन भार येतो. तिसरी लिक्विडची इलेक्ट्रोस्टॅटिक गन. तत्त्व कोरोनासारखेच, पण उडतो तो सॉल्व्हंट असलेला पेंट.

हुकावरची ठिणगी

एक गैरसमज सगळ्यात आधी दूर करायला हवा. "ट्रायबोत व्होल्टेज नाही, म्हणजे अर्थिंगचे एवढे टेन्शन नाही," असे सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे, आणि धोकादायक आहे.

हिशेब करून पाहा. हुकाला टांगलेल्या दरवाजाएवढ्या पत्र्याची धारकता (भार साठवण्याची क्षमता) साधारण २०० पिकोफॅरड धरू. अर्थ तुटलेला असेल तर कोरोना गनचा ५० मायक्रोअँपिअर प्रवाह त्या पत्र्याला सेकंदाच्या पंचविसाव्या भागात १०,००० व्होल्टवर नेतो. ट्रायबोची पावडर २ मायक्रोअँपिअरइतकाच भार नेत असली, तरी तिथे पोचायला लागतो फक्त एक सेकंद. दोन्हीकडे साठलेली ऊर्जा तेवढीच, १० मिलिज्यूल. अनेक पावडरींचा ढग एवढ्या ठिणगीने पेटू शकतो. झायलीन किंवा टोल्यूइनच्या वाफेला तर ०.२ ते ०.२५ मिलिज्यूल पुरते, म्हणजे त्या १० मिलिज्यूलचा चाळिसावा ते पन्नासावा हिस्सा.

गनची स्वतःची ठिणगी चांगल्या उत्पादकाने आधीच बांधून ठेवलेली असते. युरोपीय मानकाप्रमाणे पावडर गनच्या टोकावरून निघणारी ऊर्जा २ मिलिज्यूलच्या आत आणि लिक्विड गनची ०.२४ मिलिज्यूलच्या आत राखतात. गनच्या पाटीवर हा आकडा कोरलेला आहे का ते पाहा. नसेल तर ती गन स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. मात्र जॉबवर साठलेल्या भाराला अशी कुठलीच मर्यादा नसते. तिथे राखण करते ते फक्त अर्थिंग.

म्हणून १ मेगाओहमचा नियम. जॉबपासून अर्थपर्यंतचा रोध १ मेगाओहमच्या खाली हवा. यामागचे गणित सोपे आहे. १०० मायक्रोअँपिअर प्रवाह १ मेगाओहममधून गेला तर जॉबवर राहतात १०० व्होल्ट. रोध १०० मेगाओहम झाला की तोच आकडा होतो १०,००० व्होल्ट. मधे बदललेले काय? हुकावर चढलेले पावडरचे पापुद्रे.

हूक हातात घेऊन नीट बघा. पावडर वितळवून पक्की करणाऱ्या क्युरिंग ओव्हनमधून आठदहा वेळा जाऊन आलेल्या हुकाच्या वळणात पावडरचा गुळगुळीत, जाड, चकचकीत थर बसलेला असतो. दिसायला छान, पण तो पक्का इन्सुलेटर आहे. जॉबचे भोक नेमके त्याच वळणावर टेकते. गोल सळीच्या हुकापेक्षा टेकण्याच्या जागी धार असलेला हूक चांगला, कारण जॉबच्या वजनाने धार थरात रुतते आणि धातूला धातू लागतो. तरीही हूक साफ करण्याला पर्याय नाही. केमिकलने सोलून काढा, वेगळ्या बर्न-ऑफ भट्टीत जाळा, नाहीतर निदान टेकण्याची जागा कानशीने उघडी करा. क्युरिंग ओव्हनमध्ये हूक जाळू नका, धूर जॉबवर बसतो आणि ओव्हनलाही धोका होतो.

हा रोध मोजायचा ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन रोध मोजणाऱ्या मीटरने. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर या कामाला भरवशाचा नाही. एक टोक जॉबच्या उघड्या धातूवर, दुसरे बूथच्या अर्थ पट्टीवर. गन बंद, हवेत पावडर नाही, जवळ थिनर नाही, हे पाहूनच मेगर मारायचा, कारण त्याचीही ठिणगी पडू शकते. पाळी सुरू होताना कुठलेही तीन हूक उचलून मोजले आणि आकडे वहीत लिहिले की पाच मिनिटांत काम होते. बूथ, हॉपर (पावडरची टाकी), सायक्लोन (उडालेली पावडर हवेतून वेगळी करणारा भाग), कंट्रोलर आणि कन्व्हेयरची रेल एकाच अर्थ पट्टीला जोडलेली हवी. पावडरचा होजही बाजारातला साधा पीव्हीसी नको, आत काळी वाहक पट्टी असलेलाच घ्या.

चुकीचे अर्थिंग खिशालाही लागते. भार निघून जायला वाट नसली की पावडर जॉबवर टिकत नाही, उडून बूथमध्ये पडते. ऑपरेटर मग व्होल्टेज आणि पावडर दोन्ही वाढवतो. धोका तिथेच दुणावतो.

कोरोना: बहुतेकांसाठी योग्य, पण हात सैल नको

जॉबवर्कवाल्याला, ज्याच्याकडे सकाळी राखाडी पॅनल बॉक्स आणि दुपारी लाल ब्रॅकेट येतात, त्याला कोरोनाच घ्यावी असे आम्ही सांगू. ती बहुतेक सगळ्या पावडरींवर चालते, पावडरची जात बदलली म्हणून अडत नाही, आणि रंग बदलताना साफ करायचे भाग कमी असतात.

अडचण येते कोपऱ्यात. बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यात विद्युतक्षेत्र शिरत नाही, पावडर कडांवरच जमते. यालाच फॅरडे केज म्हणतात. नवखा ऑपरेटर अशा वेळी किलोव्होल्ट वाढवतो आणि गन आत खुपसतो. दोन्ही उलटे आहे. गन जितकी जवळ, तितका प्रवाह वाढतो आणि मोकळे आयन थरावर साठून आतून फुटू लागतात. ओव्हनमधून निघाल्यावर त्या जागी बारीक खड्डे किंवा संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग दिसतो. योग्य रीत अशी: कोपरे आधी मारायचे, प्रवाह १० ते २० मायक्रोअँपिअरवर बांधायचा, हवा कमी करायची, आणि गन जॉबपासून २०० ते ३०० मिलिमीटरवर ठेवायची. री-कोटलाही (दुसऱ्या थरालाही) हाच कमी प्रवाह. फिनिश आणि सुरक्षा या दोन्हींचे बटण इथे एकच आहे, म्हणून मायक्रोअँपिअरची मर्यादा वेगळी सेट करता येणारा कंट्रोलरच घ्या. फक्त किलोव्होल्टचा नॉब असलेला नको.

ट्रायबो: खोबणीचा राजा, पण हवेचा लाडावलेला

हीटसिंक, रेडिएटर, जाळीच्या टोपल्या, खोल खोबणी असलेले कास्टिंग अशा कामात ट्रायबोला तोड नाही. मोकळे आयन नसल्याने पावडर आतवर जाते आणि दुसरा थरही सपाट बसतो. ऑपरेटरच्या हातात उच्च दाबाचे यंत्र नसते, हाही खरा फायदा आहे.

पण तिची भूक वेगळी आहे. पावडर ट्रायबोला चालणारीच लागते. इपॉक्सी सहज चार्ज होते, पॉलिएस्टरमध्ये मात्र त्यासाठी ॲडिटिव्ह घातलेले असावे लागते. रिकव्हरीतून आलेल्या, म्हणजे बूथमध्ये पडून परत गोळा केलेल्या, पावडरमध्ये बारीक कण वाढले की चार्जिंग घसरते. टेफ्लॉनच्या नळ्या घासून पातळ होतात आणि वेळोवेळी बदलाव्या लागतात. हवा ओली किंवा तेलकट असेल तर तीच नळी निरुपयोगी होते. कंट्रोलरवर चार्जिंगचा मायक्रोअँपिअर आकडा दिसतो. नव्या नळीवर, नव्या पावडरवर पहिल्या दिवशी तो किती होता हे लिहून ठेवा. तो घसरत चालला की नळी, हवा किंवा पावडर यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजा. गनचा स्वतःचा अर्थ तुटला तर टेफ्लॉनवर साठलेला उलटा भार निघून जात नाही, चार्जिंग थांबते आणि ऑपरेटरला झटका बसू शकतो.

कोकण आणि मराठवाडा इथे स्पष्ट वेगळे पडतात. तारापूर किंवा रत्नागिरीला जुलैत चांगल्या ड्रायरशिवाय ट्रायबो चालवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. उलट वाळूजला फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत ट्रायबो मस्त चालते, पण माणसाच्या अंगावरही भार लवकर साठतो.

लिक्विड: जिथे ओव्हन शक्य नाही तिथेच

पावडरला धातू साधारण १८० ते २०० अंशांवर दहाएक मिनिटे ठेवावा लागतो. रबरी बुश बसवलेली मोटर, जोडणी झालेले यंत्र, टनभर वजनाचे कास्टिंग यांना ते झेपत नाही. अशा कामाला लिक्विडच हवे. पाइपच्या रेलिंगला समोरून मारले तरी रंग मागे वळून बसतो, साध्या एअर गनच्या तुलनेत खूप पेंट वाचतो.

धोका मात्र तिघांत इथे सर्वाधिक. झायलीनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ पेटू शकते तो) २७ अंशांच्या आसपास आहे. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात शेडमधले तापमान ४५ च्या घरात असते, म्हणजे उघड्या डब्यावर पेटण्याजोगी वाफ कायम तरंगतच असते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये साचते. म्हणून थिनरचा डबा धातूचा, अर्थला क्लिपने जोडलेला आणि झाकणबंद हवा. गन फ्लश करताना, म्हणजे थिनरने आतून धुताना, आधी उच्च दाब बंद, मग गनचे टोक अर्थला टेकवून भार उतरवायचा, मगच थिनर सोडायचा, तोही धातूच्या अर्थ केलेल्या बादलीत. प्लास्टिकच्या बादलीत फ्लश करण्याची सवय आजच मोडा.

मेटॅलिक पेंटचा रोध कमी असतो, तो व्होल्टेज खाली ओढतो. पाण्यातला पेंट वापरायचा असेल तर टाकी, पंप आणि होज सगळेच उच्च दाबावर जातात, त्यांना कुंपण आणि इंटरलॉक (अट पूर्ण नसेल तर यंत्र चालू न देणारी सोय) असलेला वेगळा पिंजरा लागतो. दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडू शकतो. तिथे साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. शिवाय टोल्यूइनसारखे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले द्रव पेट्रोलियम कायद्याच्या अ वर्गात येतात आणि ३० लिटरपेक्षा जास्त साठ्याला परवाना लागतो. पावडरला ही कटकट नाही.

बूथची हवा: हा हिशेब विक्रेत्यासमोर करा

समजा बूथचे तोंड १.५ गुणिले १.२ मीटर आहे. तोंडावर हवेचा वेग किमान ०.५ मीटर प्रतिसेकंद हवा, म्हणजे मिनिटाला ५४ घनमीटर हवा खेचली जाते. एक गन मिनिटाला २०० ग्रॅम पावडर फेकते. काहीच चिकटले नाही असे धरले तर घनमीटरमागे ३.७ ग्रॅम. आपल्या पावडरची स्फोटाची खालची मर्यादा माहीत नसेल तर सरासरी १० ग्रॅमच्या आत राहायचे असते. दोन गनला ७.४, म्हणजे बसते. तिसरी गन लावली की ११.१, म्हणजे बाहेर. आणि फिल्टर चोंदून वेग निम्मा झाला तर दोन गनलाच १४.८ होतात.

म्हणजे फिल्टरवरचा दाबफरकाचा गेज ही शोभेची वस्तू नाही. पंखा सुरू असल्याशिवाय गन चालू होणार नाही असा इंटरलॉक हवाच. तो बायपास केलेला सेकंडहँड बूथ मिळत असेल तर आधी इंटरलॉक दुरुस्त करून मागा.

बूथ झाडताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तुळयांवरची धूळ उठली की दुसरा, मोठा ढग तयार होतो. रबरी वायपर आणि धुळीसाठी बनवलेला स्फोटरोधक व्हॅक्यूम वापरा. पावडरच्या ढिगाला आग लागली तर त्यावर अग्निशामकाचा जोराचा झोत थेट सोडू नका, त्यानेही ढग उठतो. आधी गन, पावडरची हवा आणि कन्व्हेयर बंद.

कॉम्प्रेस्ड हवेसाठी दवबिंदू ३ अंशांच्या आसपास ठेवणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि तेल अडवणारा फिल्टर तिन्ही गनना लागतो. एसीच्या खोलीतून आणलेली पावडरची पेटी दमट शेडमध्ये लगेच उघडू नका, शेडच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर आत दव धरते आणि गुठळ्या होतात.

माणूस

ऑपरेटरही अर्थला जोडलेला असायला हवा, बुटांसकट त्याचा रोध १०० मेगाओहमच्या आत. म्हणजे अँटिस्टॅटिक बूट, आणि गनची मूठ उघड्या तळव्याला लागली पाहिजे. हातमोजा घालायचाच असेल तर तळवा कापलेला किंवा वाहक. पाय दुखतात म्हणून पायाखाली पुठ्ठा किंवा रबरी मॅट टाकली की हे सगळे फुकट जाते. खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाइल बाहेर ठेवायचे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला कोरोना किंवा लिक्विड गनजवळ येऊ देऊ नये. पावडर घेताना टीजीआयसी हे विषारी हार्डनर नसलेली मागा, आणि तरीही धुळीचा मास्क वापरा.

डेमोला काय मागायचे

विक्रेत्याच्या चकचकीत सपाट पॅनलवर डेमो बघू नका. आपला सर्वांत अवघड जॉब, आपला जुना हूक, आपली पावडर आणि शक्य असेल तर आपला मेगर घेऊन जा. आधी जुन्या हुकावर मेगर मारून आकडा घ्या, मग त्याच हुकावर जॉब मारून घ्या, मग हूक कानशीने साफ करून पुन्हा. पंख्याचा स्विच बंद केल्यावर गन थांबते का ते समोर बघा. ट्रायबो असेल तर रिकव्हरीची पावडर मिसळून चार्जिंगचा आकडा किती घसरतो ते पाहा. लिक्विड असेल तर त्यांच्या माणसाला गन फ्लश करून दाखवायला सांगा आणि बादली कशाची आहे, क्लिप लावली का, यावर नजर ठेवा. सगळी मोजमापे कोटेशनच्या मागे लिहून दोघांच्या सह्या घ्या. बूथ बसवून झाल्यावर हेच आकडे तुमच्या शेडमध्ये पुन्हा मिळाले की मगच शेवटचा हप्ता द्या.