सोमवारी घारापुरी बंद असते, हे कळूनही मी पैसे पाठवले

४६,८७९ रुपये. शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी सात ते सव्वाआठ. सव्वा तासात, चार हप्त्यांत, मी स्वतःच्या हाताने एका भामट्याला पाठवले. त्यातले बरेचसे माझे नव्हतेच, म्हणून जास्त लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस मुंबई बघायची असं ठरलं होतं. आम्ही पाच, भावाच्या घरचे चार आणि मित्राच्या घरचे पाच, असे चौदा जण. भाऊबीज उरकली की शनिवारी २५ तारखेला पहाटे निघायचं आणि सोमवारी रात्री परत. आईचं वय चौऱ्याहत्तर, तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. खरं तर तिच्यासाठीच सगळा घाट होता. मी साखर कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे, म्हणून पैशाचं काम सगळ्यांनी माझ्याकडे दिलं.

मी कुठल्याही भलत्या जाहिरातीवर गेलो नाही, हे आधी सांगतो. दादरच्या एका लॉजमध्ये मी २०१६ साली दोन रात्री राहिलो होतो. तेच लॉज फोनवरच्या नकाशात शोधलं. फोटो तेच, जिनाही तोच, आणि खाली नंबर. त्यावर फोन लावला. लॉज खरं होतं, नंबर तेवढा दुसऱ्याचा होता. नकाशावरचा नंबर बाहेरचं कुणीही बदल सुचवून फिरवू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता, "काका, काका" करत. चार खोल्या, सतरा सीटची ट्रॅव्हलर, सकाळचा नाश्ता आणि लाँचची तिकिटं, सगळं मिळून माणशी ३,२००. चौदा जणांचे ४४,८००. फुकटात काही देतो म्हणाला नाही, दर वाजवी होता. फार स्वस्त सांगितलं असतं तर मी तिथेच सावध झालो असतो.

मग त्याने व्हॉट्सअॅपवर तीन दिवसांचं वेळापत्रक पाठवलं. शनिवारी गेटवे, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि मरीन ड्राइव्ह. रविवारी सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, जुहू. सोमवारी घारापुरीची लेणी.

मी ते मोठ्याने वाचत होतो. वहिनी इतिहास शिकवतात. त्या लगेच म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी लेणी बंद असतात. मुलांची सहल नेली तेव्हा आम्ही मुद्दाम मंगळवार धरला होता."

तिथेच फोन ठेवायला हवा होता. रोज मुंबई दाखवणाऱ्या माणसाला घारापुरीचा सोमवार माहीत नाही, असं होईल का? मी त्याला विचारलंसुद्धा. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "काका, ग्रुपसाठी आमच्याकडे स्पेशल पास असतो." ती लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दादरचा लॉजवाला त्यांचं कुलूप उघडणार? हे सगळं मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी वहिनींकडे बघून म्हणालो, "बघा, त्यांचं सगळं ठरलेलं असतं." त्या गप्प बसल्या. ते वाक्य आठवलं की आजही रात्री झोप उडते.

तीस टक्के अॅडव्हान्स, १३,४४०. स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइलच्या दुकानाचं. "मालकांची दुसरी फर्म आहे." पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. वेगळं असेल तर कारण ऐकत बसू नका, थांबा.

पंधरा मिनिटांनी डिपॉझिट, ५,०००, परत मिळणारं. मग म्हणाला, दोन नोंदी वेगवेगळ्या पडल्याने बुकिंग अडकलंय, एकरकमी १८,४४० पाठवा, आधीचे दहा मिनिटांत परत येतील. पाठवले. सुट्टीत चौदा माणसांना खोल्या मिळत नाहीत, ही भीती होती. आणि एकदा १८,४४० अडकले की माणूस ते सोडवायला आणखी घालतो. हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं, बाहेरून शहाणपण सांगणं सोपं आहे.

शेवटचं लिहायला लाज वाटते. "ही रक्कम नाही काका, रिफंडचा कोड आहे. चौकटीत ९९९९ टाका आणि पिन द्या." मी टाकला. ९,९९९ गेले. आयुष्यभर आकडे जुळवणाऱ्या माणसाने रकमेच्या चौकटीत "कोड" टाकला. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. घरातल्या प्रत्येकाकडून हे पाठ करून घ्या.

मग त्याने आणखी २०,००० मागितले तेव्हा बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

त्या रात्री मी कुणालाच काही बोललो नाही. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तो सकाळी दहाला. त्यांनी तक्रार घेतली, क्रमांक दिला. पण जवळजवळ चौदा तास माझ्या लाजेपायी गेले. तुम्ही त्याच मिनिटाला लावा, शेजाऱ्यांना कळलं तरी चालेल. त्यात दुसरा शनिवार, मग रविवार. बँक उघडली ती सोमवारी.

बँकेत साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा." लेखी द्या म्हटलं तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारायलाही तयार नव्हते. पोलीस ठाण्यात तर विचारूच नका. पहिल्या दिवशी सायबरचे साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी, "घटना दादरची, तिकडे जा." अहो, घटना माझ्या स्वयंपाकघरात घडली, दादरला मी गेलोच कुठे? तिसऱ्या दिवशी एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "शिकलेले ना तुम्ही?" चोर मी आहे का? हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्याने गुन्हा नोंदवायला हवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं आहे. मला हे नंतर एका वकिलांनी सांगितलं. तुम्ही ते कागदावर लिहूनच आत जा. माझा नुसता अर्ज घेतला, गुन्हा नाही. चार रजा गेल्या. महिन्याने कळलं, त्या खात्यात उरलेले ३,११२ रुपये गोठवलेत, पण हातात हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा. ३,११२ रुपयांसाठी वकील लावायचा? आणि ज्याच्या नावाने ते खातं आहे त्याला कुणी एक फोन तरी केला का, याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

मित्राने आधीच दिलेले १६,००० मी पतसंस्थेतून काढून परत केले. भावाचे १२,८०० होते, त्याने घेतले नाहीत. अजून त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. आईने नेसायची लुगडी काढून ठेवली होती, ती तिनेच काही न बोलता परत ट्रंकेत ठेवली.

नंतर जुन्या फायलीत २०१६ ची पावती सापडली. तिच्यावर लॉजचा लँडलाइन होता. लावला, मालकांनी स्वतः उचलला. म्हणाले, "आम्ही कधी गाडी देतच नाही. या महिन्यात तुम्ही चौथे." जुनी पावती नसेल तर जागेवर ओळखीचा माणूस पाठवा, नाहीतर पोचल्यावर पैसे घेणाऱ्याकडेच उतरा. मालकांनी आणि मी, दोघांनीही तो नंबर चुकीचा असल्याचं नकाशावर कळवलं.

काल रात्री पुन्हा बघितलं. लॉजच्या नावाखाली अजून तोच नंबर आहे.