उरलेला रंग: ठेवावा, संपवावा की टाकावा?

डब्यात किती रंग उरलाय हे बघण्याआधी तो पाण्याचा आहे की तेलाचा, हे पाहा. लेबल पुसलं असेल तर एक थेंब पाण्यात ढवळा. मिसळला तर इमल्शन किंवा डिस्टेंपर, न मिसळता वेगळा राहिला तर ऑइलपेंट.

ठेवायचा असेल तर दोन्हींचा शत्रू डब्यातली हवा. रंग जेमतेम मावेल अशा लहान डब्यात ओता (खाण्याच्या बरण्या नकोत), काठ पुसून झाकण ठोका, वर शेड नंबर आणि तारीख लिहा. काठावर रंग वाळला की झाकण बसत नाही, आणि चांगला रंगही तिथूनच वाया जातो. ऑइलपेंटवर साय धरते. ती कडेने कापून अख्खी काढा. ढवळलीत तर तिचे तुकडे दारावर उमटतील. इमल्शन मात्र कुजतं. आंबूस वास आला तर ते भिंतीला लावूच नका, वास खोलीत रेंगाळतो.

संपवायचा असेल तर इमल्शन जास्त सोयीचं. तळापासून ढवळा, नायलॉनच्या कापडातून गाळा, पुठ्ठ्यावर एक हात मारून बघा. गाळूनही गुठळ्या दिसल्या तर नाद सोडा. एकाच प्रकारची दोन-तीन इमल्शन एकत्र केली तर छटा मळकट येते, पण खालच्या हाताला चालते. बाहेरच्या भिंतीचा रंग आत नको, त्यात बुरशीनाशक असतं. डागडुजीसाठी रंग राखण्याचा मोह आमच्या मते फसवा आहे: जुनी भिंत फिकटलेली असते, ठिगळ उठून दिसतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक भिंत होईल एवढा असेल तरच ठेवा.

टाकायचा असेल तर फरक सगळ्यात मोठा. इमल्शनमध्ये तेवढीच वाळू किंवा लाकडाचा भुसा कालवा, पातळ थर पसरून हवेशीर जागी, मुलांपासून दूर, पूर्ण कडक होऊ द्या. मग स्थानिक नियमांत बसत असेल तर सुक्या कचऱ्यात. ऑइलपेंटला हा उपाय नको: वाफा पेट घेतात, तेलाने भिजलेला भुसा आपोआप तापू शकतो. ऑइलपेंट मूळ डब्यात, झाकण लावून घातक कचऱ्याच्या संकलनातच द्या. नाल्यात दोन्ही नकोत.

ऑइलपेंट पुसलेली फडकी चुरगळून ठेवू नका, तीही आपोआप तापू शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन झाकून रात्रभर ठेवलं की गाळ बसतो. वरचं पुन्हा वापरा, गाळ ऑइलपेंटच्या डब्यासोबत द्या.