कॉक्रोचडीबी : अंतराचा भार कोणी सोसायचा?

मुंबई, सिंगापूर आणि व्हर्जिनिया येथे एकाच डेटाबेसच्या प्रती ठेवायच्या, तर पहिला अडसर भूगोलाचा असतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर 1000 किलोमीटरमागे जाऊन-येऊन किमान 10 मिलिसेकंद लागणारच. अनेक ठिकाणी प्रती ठेवणारा कॉक्रोचडीबी हा डेटाबेस हा वेळ वाचवत नाही; तो वेळ ग्राहकाने कोणत्या कामासाठी सोसायचा, हे ठरवण्याची मोकळीक देतो, आणि याच कारणासाठी मला तो उजवा वाटतो.

प्रतींमध्ये एकमत घडवणाऱ्या राफ्ट पद्धतीनुसार बहुसंख्य प्रतींनी होकार दिला की लेखन पक्के होते, तर ताजे वाचन लीजहोल्डर म्हणवणाऱ्या प्रतीकडून होते. ती व्हर्जिनियात असेल, तर पुण्यातल्या ग्राहकाला साधी शिल्लक पाहण्यासाठीही समुद्र ओलांडावा लागतो. 2021 मध्ये 21.1 आवृत्तीने आणलेली ‘रीजनल बाय रो’ सोय प्रत्येक ओळ तिच्या ग्राहकाजवळच्या रीजनमध्ये (मुंबई, सिंगापूर अशा एखाद्या ठिकाणच्या सर्व्हरसमूहात) ठेवते, आणि नेहमीचे वाचन-लेखन तिथल्या तिथे उरकते. मात्र ईमेल पत्ता सर्व रीजनमध्ये एकमेव असावा, अशी अट घातली, की नव्या नोंदीपूर्वी इतर रीजनमध्येही तपास करावा लागतो आणि कमावलेला वेग त्या एका अटीपायी जातो. टेबलांची रचना ठरवतानाच हे ध्यानात घ्यावे.

क्वचित बदलणाऱ्या माहितीसाठी ‘ग्लोबल’ टेबल आहे. त्यात वाचन सगळीकडे जलद होते आणि लेखन बरेच रेंगाळते. दरपत्रकाला हे चालते, ऑर्डरींना मुळीच नाही. काही सेकंद जुनी माहिती चालत असेल, तर जवळच्या प्रतीवरून वाचणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि बहुतेक संघ त्याचा पुरेसा वापर करत नाहीत, असे माझे मत आहे.

संपूर्ण रीजन बंद पडले तरी काम चालू राहावे, असा पर्याय निवडल्यास किमान तीन रीजन लागतात आणि प्रत्येक लेखनाला दुसऱ्या रीजनच्या होकाराची वाट पाहावी लागते. हा पर्याय एकेका टेबलाला नव्हे, तर अख्ख्या डेटाबेसला लागू होतो, हे मला खटकते.

परवान्याचेही पाहून घ्यावे : नोव्हेंबर 2024 मधील 24.3 आवृत्तीपासून जुनी मोफत ‘कोअर’ आवृत्ती बंद झाली असून, वार्षिक उत्पन्न 1 कोटी डॉलरपेक्षा कमी असलेल्या कंपन्यांना एंटरप्राइझ आवृत्ती मोफत मिळते, पण वापराची माहिती कॉक्रोचडीबी बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवावी लागते. ज्यांचे सारे ग्राहक भारतातच आहेत, त्यांनी या भानगडीत न पडता मुंबईत साधा पोस्टग्रेस डेटाबेस चालवावा.