कल्हई चोख, वायदा कच्चा

माळा आवरताना आजीचं तांब्याचं घंगाळ आणि पितळी पातेलं निघालं. घंगाळाची एक कडी निखळलेली, पातेलं आतून हिरवंगार. भाऊ म्हणाला, "मोडीत घाल, तांब्याला भाव आहे." मी दोन्ही जुन्या चादरीत बांधली आणि मुलुंडहून लोकलने मशीद स्टेशनला उतरले. स्लोनेच जावं लागतं, फास्ट तिथे थांबत नाही. पुढे पायधुणीच्या बाजूला तांबाकाटा. भांड्यांच्या दुकानांमधल्या एका बोळात कल्हईवाले चाचा बसतात. पाटीबिटी काही नाही. नवसागराचा धूर नाकाला झोंबला की पोचलात समजा.

पातेलं माझ्यासमोरच केलं. घासून भट्टीवर तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, भसकन पांढरा धूर. मग कथलाची, म्हणजे टिनची, कांडी नुसती टेकवली आणि कापसाचा बोळा गरागरा फिरवला. कथील 232 अंशांनाच वितळतं, त्यामुळे सगळा खेळ मिनिटाभराचा. तळात मला माझा चष्मा दिसायला लागला.

घंगाळ पॉलिशच्या मशीनवर घेणार, तेवढ्यात काठाखाली ठिपके दिसले. चाचांनी चिंचेचा कोळ लावून अंगठ्याने तेवढीच जागा चोळली. एकेक अक्षर वर आलं. आजीचं नाव, पण माहेरचं. लग्नात बदललेलं. आमच्या घरात ते कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. बाबांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. "मशीन लगाया तो नाम जाएगा," म्हणत चाचांनी पूर्ण घंगाळ हाताने घासायचं कबूल केलं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रार. चार दिवसांचा वायदा होता, अकरा लागले. माझ्या दोन फेऱ्या फुकट. फोन उचलत नाहीत. कडीला रिव्हेट पितळेचं मारलंय, ते लाल तांब्यावर डोळ्यांत खुपतं. दोन्हींचे मिळून 950 रुपये झाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

मला घंगाळात सोनटक्का लावायचा होता. गिरगावात चाळीमागे आजीचा सोनटक्का मोरीच्या पाण्यावर माजलेला असायचा, संध्याकाळी जिन्यापर्यंत वास. बुडाला भोक पाडून द्या म्हटलं, तर चाचांनी साफ नकार दिला, वर ओल्या मातीने आणि खताने तांबं खराब होईल म्हणून ऐकवलंही. बरोबरच होतं त्यांचं. आता आत प्लास्टिकची कुंडी ठेवलीय. खाली साठलेलं पाणी मात्र रोज ओतते. पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत येतात. नावाची बाजू मी खोलीकडे वळवून ठेवलीय, खिडकीच्या ग्रिलबाहेरून बघणाऱ्यांना काय करायचंय ते.

जाणार असाल तर दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका. आणि वायद्यात आठवडा आपणहून वाढवून धरा.

पातेल्यात परवा कोकम घालून आमटी केली. पितळ लागून अजिबात कळकली नाही.