इमगबर्न : डीव्हीडी लिहायचं सॉफ्टवेअर, २०१३ चं, पण माझ्या टेबलावर अजून आहे

चवथीच्या आधी आमच्या पेटीवाल्या आबांचा निरोप आला: "२००४ च्या जत्रेतलं ते संगीत नाटक परत चकतीवर घालून दे." चकती म्हणजे डीव्हीडी, पेनड्राइव्हचं नावही काढायची सोय नाही. रिमोटवर आकडा दाबला की हवं ते पद लागलं पाहिजे.

डिचोलीत माझा लग्नामुंजीच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. नाटकाचा जुना प्रोजेक्ट हार्डडिस्कवर शाबूत होता, पण ज्या प्रोग्रामात मेनू बांधला त्याचा इन्स्टॉलर १६-बिट, म्हणजे फार जुन्या विंडोजच्या पद्धतीचा. विंडोज ११ मध्ये तो उघडतच नाही. शेवटी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, जुनी विंडोज एक्सपी घातली. मेनूवर "नांदी"च्या जागी कसलीतरी किडामुंगी! तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नव्हते, जुना फॉन्ट शोधून टाकल्यावर अक्षरं जागेवर आली.

मग घाई नडली. यूएसबी रायटर (चकती लिहायचं यंत्र) व्हर्च्युअल मशीनला जोडून तिथूनच बर्न करायला, म्हणजे चकती लिहायला गेलो, मध्येच संपर्क तुटला. दोन चकत्या गेल्या. आता आतल्या प्रोग्रामकडून फक्त व्हिडिओ_टीएस फोल्डर (डीव्हीडीच्या चित्राच्या आणि मेनूच्या फाइली असतात तो) बनवून घेतो आणि बाहेर विंडोज ११ वर इमगबर्नकडे देतो.

हा फुकट प्रोग्राम मला फार आवडतो. शेवटची आवृत्ती २.५.८.०, २०१३ ची. पडद्यावर सहा मोठी चित्रं, बाकी डामडौल नाही. फोल्डर टाकला की ही डीव्हीडी-व्हिडिओ आहे हे ओळखून फाइल सिस्टिम (चकतीवर फाइली मांडायची पद्धत) दुरुस्त करू का, असं स्वतःच विचारतो. हो म्हणा, घरातल्या जुन्या प्लेअरला तेच लागतं. व्हेरिफायची (लिहिलेली चकती परत वाचून तपासायची) टिक मात्र काढू नका. वेळ जातो, पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन लाजण्यापेक्षा बरं. काम फत्ते झालं की छोटी धून वाजते, बायको आतून विचारते, "झाली काय तुझी चकती?"

मेनू वा प्रकरणं (चॅप्टर, आकडा दाबून जिथं जाता येतं ते) मात्र हा करत नाही, ते आधीच तयार हवं. आणि साडेतीन तासांचं नाटक एका ४.७ जीबीच्या चकतीत कोंबू नका. सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट माहिती वाट्याला येते, ती कमी पडते, रंगमंचावर लाल प्रकाश पडला की चित्राचे चौकोन पडतात. मी पहिला अंक एका चकतीवर आणि उरलेले दुसऱ्या चकतीवर घातले.

चकत्या आबांना पोचवल्या. त्यांनी पाच दाबलं, पद लागलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इथं मी एक सूर चुकलो होतो, तो काढता येत नाही काय?"